मोफत सॉफ्टवेअर आणि ॲप्स: शोधण्यापासून काढून टाकण्यापर्यंत

व्हीएलसी प्लेअर मोफत आहे. लिबरऑफिस मोफत आहे. सेव्हन-झिप, ऑडॅसिटी, गिंप, हँडब्रेक ही सगळीच मोफत, आणि वर्षानुवर्षं असंख्य मशीनवर बिनतक्रार चाललेली. तरीही ‘फुकटचं काहीतरी डाऊनलोड केलं आणि कॉम्प्युटरची वाट लागली’ असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. त्यात दोष सॉफ्टवेअरचा थोडा आणि ते जिथून उचललं त्या जागेचा जास्त असतो. म्हणून इथे ‘टॉप ॲप्स’ची यादी देत नाही. फाइल खरी कुठे मिळते, ती कशी तपासायची आणि आत घेताना कुठे थांबून वाचायचं, एवढंच सांगतो.

आधी बघा, ते लागतं का

निम्म्या वेळा उत्तर ‘नाही’ असं येतं. झिप फाइल विंडोज आणि मॅक दोन्ही स्वतःच उघडतात. पीडीएफ वाचायला ब्राउझर पुरतो. स्क्रीनचा व्हिडिओ घ्यायचा तर विंडोज ११ मधल्या स्निपिंग टूलमध्ये सोय आहे. मॅकवर शिफ्ट, कमांड आणि ५ ही बटणं एकत्र दाबली की तोच पर्याय समोर येतो. मोबाइलमध्ये टॉर्च असतो, क्यूआर कोड वाचणारा कॅमेरा असतो. त्यासाठी वेगळं ॲप घेणं म्हणजे उगाच एक पाहुणा घरात घेणं.

हे टॉर्चचं उदाहरण काही हवेतलं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका लोकप्रिय अँड्रॉइड टॉर्च ॲपवर कारवाई केली होती. ते ॲप वापरणाऱ्यांचं ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांना पाठवत होतं. उजेड पाडायला ठिकाण कशाला लागतं, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नव्हता.

एक अख्खा वर्ग तर मी सरळ टाळायला सांगेन: पीसी ‘फास्ट’ करणारी, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार) साफ करणारी, ड्रायव्हर (प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड वगैरे चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) शोधून देणारी, मोबाइलची रॅम मोकळी करणारी ॲप्स. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येतात, नाहीतर मशीन किंवा ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून. अँड्रॉइड आणि आयफोन रॅम स्वतः सांभाळतात. बाहेरच्या ॲपने बंद केलेलं ॲप थोड्या वेळात पुन्हा उघडतं आणि बॅटरी मात्र जास्त जाते.

‘मोफत’ म्हणजे नक्की काय

डाऊनलोड करण्याआधी त्या पानावरचा एक शब्द शोधा. ‘ओपन सोर्स’ लिहिलं असेल तर कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि पुढे पैसे मागितले जाण्याची धास्ती जवळजवळ नाही. ‘फ्रीवेअर’ म्हणजे वापर फुकट, कोड बंद. ‘फ्री फॉर पर्सनल यूज’ असेल तर घरी चालेल, ऑफिसात नाही. दूरवरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवणारी बरीच सॉफ्टवेअर अशीच असतात. ‘ट्रायल’ म्हणजे मुदत. विनरार हे लोक सर्रास मोफत समजतात, पण ते ४० दिवसांच्या चाचणीसाठी असतं. मुदत संपली तरी ते चालत राहतं, एवढंच. ‘फ्री डाऊनलोड’ हे शब्द सगळ्यात फसवे. डाऊनलोड फुकट, आणि काम झालं की ‘सेव्ह करायला पैसे भरा’. डिलीट झालेले फोटो परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरची ही ठरलेली चाल आहे: फोटो दिसतात, हाती लागत नाहीत.

खरी साइट कशी सापडते

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे.

सर्च इंजिनवर नाव टाकलं की वरचे एक-दोन निकाल अनेकदा जाहिराती असतात आणि त्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर शोधताना जाहिरातीवर क्लिक करायचंच नाही, हा नियम डोळे झाकून पाळा. ऑक्टोबर २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या नावाने गुगलवर जाहिरात झळकली. जाहिरातीत पत्ता खराच दिसत होता. क्लिक केल्यावर उघडणाऱ्या साइटच्या पत्त्यात मात्र पहिल्या ‘के’ अक्षराखाली एक बारीकशी खूण होती, स्क्रीनवर धूळ बसल्यासारखी वाटावी इतकी. बाकी पान हुबेहूब. फाइल अर्थातच विषारी. ॲड्रेस बारमधलं कुलपाचं चिन्ह अशा साइटवरही असतं. तुमच्या आणि साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही, एवढंच ते चिन्ह सांगतं. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही.

मग खात्री कशी करायची? त्या सॉफ्टवेअरचं विकिपीडियावरचं पान उघडा. उजवीकडच्या चौकटीत अधिकृत संकेतस्थळ दिलेलं असतं. ते आणि सर्चमध्ये मिळालेलं एकच आहे का, ते अक्षर न अक्षर पाहा. विकिपीडियाही कुणीही बदलू शकतं, म्हणून दोन ठिकाणांहून पडताळणं बरं. सॉफ्टवेअर आधीच कुणाच्या मशीनवर असेल तर ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मध्ये पत्ता मिळतो. पत्त्याचा शेवटही बघा. व्हीएलसीची साइट ‘व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग’ आहे, सेव्हन-झिपचीही ‘डॉट ऑर्ग’. सारखं नाव आणि शेवटी ‘डॉट कॉम’ दिसलं तर थांबा. ते कुणी नोंदवलंय ते तुम्हाला माहीत नाही.

डाऊनलोड पोर्टल्सचं काय? हजारो सॉफ्टवेअर एका जागी मिळतात हे खरं, पण फाइल मूळ निर्मात्याची आहे की तिच्यावर पोर्टलने आपलं वेष्टन चढवलंय, हे बाहेरून कळत नाही. नावाजलेली जागा म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही. २०१५ मध्ये सोर्सफोर्जवर गिंपच्या विंडोज आवृत्तीला जाहिरातींची जोड असलेला इन्स्टॉलर लावलेला आढळला, तोही गिंपची मंडळी तिथून निघून गेल्यानंतर. पुढच्या वर्षी सोर्सफोर्जचे मालक बदलले आणि नव्या मालकांनी तो प्रकार बंद केला. पण मूळ साइट हाताशी असताना मधल्या माणसाकडे जायचं कशाला?

पोर्टलवर जावंच लागलं तर पानावरचं सगळ्यात मोठं, हिरवंगार, चमकणारं ‘डाऊनलोड’ बटण बहुधा जाहिरातीचं असतं. माउस बटणावर नुसता ठेवा, क्लिक करू नका. खाली डाव्या कोपऱ्यात ते बटण कुठे नेणार तो पत्ता दिसतो. भलताच दिसला तर खरं बटण दुसरीकडे आहे. बहुतेक वेळा ते साध्या अक्षरातलं, ओशाळल्यासारखं कुठेतरी खाली असतं.

ओपन सोर्सची बरीच सॉफ्टवेअर गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर असतात. तिथे नवखे लोक हिरव्या ‘कोड’ बटणावर क्लिक करतात आणि हाती कोडचं गाठोडं येतं, जे चालवता येत नाही. उजवीकडे ‘रिलीजेस’ असं लिहिलेलं असतं, त्यात शिरा आणि ‘असेट्स’ या यादीतून आपली फाइल घ्या. गिटहबवर कुणालाही खातं काढता येतं, त्यामुळे नक्कल तिथेही असते. सॉफ्टवेअरच्या अधिकृत साइटवरूनच गिटहबकडे गेलात तर हा घोळ होत नाही.

विंडोजवर आणखी दोन चांगले रस्ते आहेत. एक मायक्रोसॉफ्ट स्टोअर. दुसरा विंगेट: मायक्रोसॉफ्टचंच, २०२१ पासून स्थिर झालेलं साधन, ज्यात काळ्या खिडकीत एक ओळ लिहून सॉफ्टवेअर बसवता आणि अपडेट करता येतं. नवा कॉम्प्युटर तयार करताना पाच-दहा गोष्टी एकदम घ्यायच्या असतील तर निनाइट ही साइट कामाची. हवी ती नावं टिक करा, एकच छोटी फाइल मिळते आणि ती सगळं बसवते. टूलबार वगैरे लचांड स्वतःच नाकारते.

कोणती फाइल घ्यायची

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे ‘सिस्टिम टाइप’ पाहा. आजकालच्या बहुतेक मशीनना ६४ बिटची आवृत्ती लागते. फाइलच्या नावात ‘एक्स६४’ किंवा ‘एएमडी६४’ असेल ती घ्या. एएमडी हे नाव पाहून इंटेलवाल्यांनी बिचकू नये, दोघांची फाइल तीच. ‘एआरएम६४’ वेगळी: ती स्नॅपड्रॅगनसारख्या चिपच्या विंडोज लॅपटॉपसाठी आणि ॲपलच्या एम मालिकेतल्या मॅकसाठी. ‘बीटा’, ‘नाइटली’ या अजून चाचणीत असलेल्या आवृत्त्या घेऊ नका, ‘स्टेबल’ घ्या. ‘पोर्टेबल’ आवृत्ती असेल तर एखाद्या वेळच्या कामासाठी तीच बरी, कारण ती इन्स्टॉल न करता चालते आणि काम झालं की फोल्डर उडवला की विषय संपला.

एक सेटिंग आत्ताच करून ठेवा. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवतं. त्यामुळे ‘मॅन्युअल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल, जी खरं तर चालणारा प्रोग्राम आहे, नुसती ‘मॅन्युअल डॉट पीडीएफ’ दिसते. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करा.

उघडण्याआधी तपासणी

फाइल आली, पण लगेच डबल क्लिक नको. तिच्यावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब आहे का पाहा. त्यात निर्मात्याचं नाव दिसलं पाहिजे. मोठ्या कंपनीच्या फाइलवर सही नसेल तर ती फाइल टाकून द्या. छोट्या ओपन सोर्स प्रकल्पांना मात्र सहीचं प्रमाणपत्र विकत घेणं प्रत्येक वेळी जमत नाही, त्यामुळे तिथे सही नसणं म्हणजे लगेच लबाडी असं नाही. अशा फाइलवर विंडोजची निळी ‘स्मार्टस्क्रीन’ सूचनाही येते. फाइल अनोळखी आहे, एवढाच तिचा अर्थ. साइट खरी होती याची खात्री असेल तरच ‘मोअर इन्फो’मधून पुढे जा.

सही नसेल तर हॅश तपासा. नाव जड आहे, काम अगदी सोपं. बरेच प्रकल्प डाऊनलोडशेजारी ‘शा-२५६’ या नावाने ६४ अक्षरांची एक माळ देतात. मूळ फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ही माळ पूर्ण बदलते. सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर फाइलवर उजवं क्लिक करा, ‘सीआरसी शा’ मेनूत जा आणि ‘शा-२५६’ निवडा. तुमच्याकडच्या फाइलची माळ समोर येते. विंडोज ११ मध्ये हा मेनू ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत लपलेला असू शकतो. आता साइटवरची माळ आणि ही माळ ताडून पाहा. पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं पाहून लोक समाधान मानतात. त्यापेक्षा दोन्ही माळा कॉपी करून नोटपॅडमध्ये खालोखाल पेस्ट करा, फरक लगेच डोळ्यात भरतो.

याचा उपयोग खरंच होतो का? मे २०१७ मध्ये हँडब्रेकच्या मॅक आवृत्तीच्या दोन डाऊनलोड सर्व्हरपैकी एकावर घुसखोरांनी फाइल बदलून ठेवली होती. काही दिवस साइट खरी, बटण खरं, फाइल खोटी. ज्यांनी हॅश ताडून पाहिली ते वाचले.

त्याच वर्षी सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र हॅशही कामाला आली नसती आणि सहीही. कंपनीच्या आतल्या यंत्रणेतच शिरकाव झाला होता. ऑगस्टच्या मध्यापासून सुमारे महिनाभर ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या खऱ्या सहीसकट बाहेर जात होती आणि सुमारे २२ लाख ७० हजार मशीनपर्यंत पोहोचली. म्हणजे कोणतीही एक तपासणी शंभर टक्के नसते. म्हणूनच मुळात लागत नाही ते न घेणं हीच मला सगळ्यात भक्कम तपासणी वाटते.

शंका उरलीच तर व्हायरसटोटल या साइटवर फाइल टाका. सत्तरेक अँटिव्हायरस तिथे एकाच वेळी ती फाइल बघतात. सत्तरातल्या एक-दोघांनीच, तेही अपरिचित नावांनी, लाल बावटा दाखवला तर तो बहुधा गैरसमज असतो. आठ-दहांनी दाखवला तर फाइल डिलीट. तिथे आपली खासगी कागदपत्रं मात्र टाकू नका, टाकलेल्या फाइल इतर संशोधकांनाही मिळतात.

इन्स्टॉल करताना

घाई इथेच नडते. सेटअप सुरू झाला की ‘एक्सप्रेस’ किंवा ‘रेकमेंडेड’ पर्याय आधीच निवडलेला असतो. त्याऐवजी ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ घ्या. मग एखाद्या पडद्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी ब्राउझरचं किंवा अँटिव्हायरसचं चित्र येईल आणि खाली छोट्या चौकटीत टिक असेल. ती काढा. काही ठिकाणी ‘डिक्लाइन’चं बटण मुद्दाम करड्या रंगात असतं, बंद असल्यासारखं दिसतं, ते चालतं. कधी त्या पडद्यावर ‘ॲक्सेप्ट’ हा शब्द सॉफ्टवेअरच्या अटींसाठी नसून त्या जोडसॉफ्टवेअरसाठी असतो, म्हणून वरची ओळ वाचा. शेवटी ‘विंडोजबरोबर सुरू करा’ असं विचारलं तर सहसा नको म्हणा.

दोन गोष्टी दिसल्या तर तिथेच थांबायचं. पहिली, ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सूचना. पैसे द्यावे लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ‘क्रॅक’, म्हणजे कुलूप तोडलेल्या, प्रतींबरोबर ती हमखास येते आणि फाइल विषारी आहे, यापलीकडे तिचा दुसरा कोणताही अर्थ होत नाही. दुसरी जरा नवी: ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं म्हणून एखादं पान विंडोज आणि आर ही बटणं दाबायला, मग पेस्ट करायला आणि एंटर मारायला सांगतं. पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी केलेली असते आणि ती तुमच्याच हातून चालवून घेतली जाते. मॅकवर हाच खेळ टर्मिनल या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत होतो. ‘फ्लॅश प्लेअर अपडेट करा’ अशी पाटी आली तर हसून बंद करा. अडोबीने फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचं बंद केलं.

मॅकवर डीएमजी फाइल उघडून ॲपचं चित्र ॲप्लिकेशन्स फोल्डरवर ओढायचं, मग डीएमजी इजेक्ट करायची, एवढंच. मॅकने ॲप उघडायला नकार दिला तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधून परवानगी देता येते, पण ती द्यायला तुम्हाला ओळखीचा निर्माता हवा. लिनक्स वापरणारे आपल्या लिनक्स आवृत्तीच्या अधिकृत सॉफ्टवेअर भांडारातूनच घेतात आणि त्यांना या लेखातलं फारसं काही लागत नाही.

मोबाइलवर

आयफोनवर बहुतेक ठिकाणी ॲप स्टोअर हाच रस्ता आहे, त्यामुळे फसवणूक वेगळ्या प्रकारची. तीन दिवस फुकट आणि नंतर दर आठवड्याला पैसे कापणारी साधी कॅल्क्युलेटर किंवा वॉलपेपरची ॲप्स, अँड्रॉइडवरही तशीच. ॲप काढून टाकलं तरी वर्गणी रद्द होत नाही, हे खूप जणांना महिनाभराने कळतं. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये वर आपल्या नावावर टॅप करून सबस्क्रिप्शन्स, आणि अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टॅप करून पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, इथे जाऊन ती रद्द करावी लागते.

प्ले स्टोअरवर ॲप निवडताना नावाखालचं निर्मात्याचं नाव वाचा. त्यावर टॅप करून त्याची बाकीची ॲप्स बघा. सरासरी तारे पाहून ठरवू नका. परीक्षणं ‘नवीनतम’ या क्रमाने लावा. चांगलं ॲप बिघडतं तेव्हा ते आधी तिथे दिसतं. एक कोटीपेक्षा जास्त वेळा इन्स्टॉल झालेलं एक साधं बारकोड स्कॅनर ॲप डिसेंबर २०२० च्या सुमारास आलेल्या अपडेटनंतर आपोआप जाहिरातींची पानं उघडू लागलं. वर्षानुवर्षं नीट चाललेलं ॲप होतं ते. ‘डेटा सेफ्टी’ हा भागही वाचा, पण ती माहिती निर्मात्यानेच भरलेली असते हे लक्षात ठेवून.

परवानग्यांचं सूत्र सोपं आहे: काम आणि मागणी जुळली पाहिजे. नकाशाला ठिकाण हवंच. फोटो एडिटरला फोनबुक नको. एसएमएस वाचण्याची परवानगी म्हणजे ओटीपी वाचण्याची परवानगी. आणि सगळ्यात जपून द्यायची ती ‘ॲक्सेसिबिलिटी’. ही सोय दिव्यांग व्यक्तींसाठी आहे, पण ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. बँक खाती रिकामी करणारी ॲप्स हीच परवानगी मागतात.

स्टोअरबाहेरून एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, घ्यायची तर ओपन सोर्स ॲप्ससाठी एफ-ड्रॉइड ही भरवशाची जागा. २०१० पासून चालू आहे. इतर ठिकाणच्या एपीकेबाबत एक खूण सांगतो. अँड्रॉइड प्रत्येक ॲपवरची निर्मात्याची सही लक्षात ठेवतं आणि वेगळ्या सहीची फाइल जुन्या ॲपवर बसू देत नाही. ‘आधी मूळ ॲप काढून टाका, मग हे टाका’ असं कुठे लिहिलेलं दिसलं की समजा, ही फाइल मूळ निर्मात्याने सही केलेली नाही. ‘प्रीमियम मोफत’ म्हणून फिरणारी ‘मॉड’ ॲप्स बहुतांशी अशीच. अँड्रॉइड १३ पासून अशा बाहेरच्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी देताना ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ म्हणून अडवलं जातं. तो अडसर कसा काढायचा हे कुणी फोनवर समजावून सांगत असेल तर फोन ठेवून द्या. एपीके टाकण्यासाठी ब्राउझरला किंवा फाइल मॅनेजरला दिलेली ‘अनोळखी ॲप्स’ची परवानगीही काम झाल्यावर बंद करा.

बसवल्यानंतर

अपडेट सुरू ठेवा. मोफत सॉफ्टवेअर एकदा टाकून विसरलं जातं आणि जुन्या आवृत्तीतली भोकं तशीच राहतात. आपोआप अपडेट होत नाही अशी सॉफ्टवेअर किती आहेत ते बघा आणि महिन्यातून एकदा हात फिरवा. विंगेट वापरत असाल तर एका आज्ञेत सगळं उरकतं. अपडेट सॉफ्टवेअरच्या आतून किंवा स्टोअरमधून घ्या, ब्राउझरमध्ये उगवलेल्या खिडकीतून कधीच नाही.

नको असलेलं काढताना विंडोजमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथून काढा, नुसता डेस्कटॉपवरचा आयकॉन उडवून काही होत नाही. यादी ‘इन्स्टॉल डेट’नुसार लावली की एकाच दिवशी मागच्या दाराने शिरलेलं बाकीचंही दिसतं.

गडबड झालीच, म्हणजे ब्राउझरचं होमपेज बदललं, जाहिराती फुटू लागल्या, तर आधी ब्राउझरची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेली छोटी ॲप्स) आणि साइट्सना दिलेली नोटिफिकेशनची परवानगी तपासा. बरेचदा दुखणं तिथेच असतं. खरोखर संशयास्पद फाइल चालवली असेल तर इंटरनेट तोडा आणि विंडोज सिक्युरिटीमधल्या स्कॅन ऑप्शन्समधून ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते. अँड्रॉइडवर सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेली ॲप्स बंद ठेवून फोन सुरू करण्याच्या सोयीत, जाऊन संशयित ॲप काढा. काढता येत नसेल तर त्याने ‘डिव्हाइस ॲडमिन’चा अधिकार घेतलाय, तो सेटिंग्जमधून आधी काढून घ्या.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून, ईमेलपासून सुरुवात करून. आणि पासवर्ड बदलल्यावर प्रत्येक खात्यात ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ हे बटण दाबा. माहिती चोरणारे प्रोग्राम ब्राउझरमधलं चालू सत्रही (तुम्ही आधीच लॉगइन आहात याची खूण) उचलून नेतात आणि काही ठिकाणी ते सत्र पासवर्ड बदलल्यावरही जिवंत राहतं. बँकेचा व्यवहार त्या मशीनवरून केला असेल तर या सगळ्याच्या आधी बँकेला कळवा.